‘आरजीडी ही फॅशन’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार,

पेशी वाढवायच्या पॉलिमरच्या जाळीवर (स्कॅफोल्ड) आरजीडी, म्हणजे पेशी ज्याला धरतात ते तीन अमिनो आम्लांचं छोटं पेप्टाइड, जोडण्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही लिहिलंत (प्लाझ्मा म्हणजे इथे पृष्ठभागावर विद्युतभारित वायूचा मारा):

“प्लाझ्मा दिला की पेशी चिकटतातच, आरजीडी ही निव्वळ फॅशन. कधी पिपेट हातात न धरलेले लोक असलं लिहितात.” पिपेटचं म्हणाल तर चौदा वर्षं दुसरा उद्योग केलेला नाही. मतभेद असू द्या हो, पण हा सूर कशासाठी?

आधी माझी चूक. लेखात ईडीसी-एनएचएसच्या पायरीत (ही रसायनं पृष्ठभागावरचे कार्बॉक्सिल गट सक्रिय करतात, मग त्यांना पेप्टाइड जोडलं जातं) एमईएस बफरऐवजी ट्रिस हा दुसराच बफर पडला. ट्रिसचा अमाइन सक्रिय झालेल्या कार्बॉक्सिलवर स्वतःच जाऊन बसतो, पेप्टाइडला जागा उरत नाही. दुरुस्त केलंय. पण नजरचूक होती ती, त्यावरून अक्कल काढायचं कारण नव्हतं.

आता तुमचं ते “चिकटतातच”. कशाला चिकटतात? १०% सिरमच्या (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव) मीडियात, म्हणजे पोषक द्रावणात, पेशी खाली टेकण्याआधीच पृष्ठभागावर प्रथिनांचा थर जमलेला असतो. पेशी धरतात त्या थरातल्या फायब्रोनेक्टिन-व्हिट्रोनेक्टिनला. आणि १९८४ साली पियर्शबाखर व रुओस्लाती यांनी आरजीडी शोधलं ते फायब्रोनेक्टिनमध्येच! तुम्ही जिला फॅशन म्हणता, तुमच्या पेशी तिलाच धरून बसल्यात.

खरी परीक्षा घ्यायची तर सिरम काढा. निम्म्या नमुन्यांवर आरजीडी जोडा, निम्म्यांवर आरजीई, ज्याला पेशी धरत नाहीत. फरक एका अमिनो आम्लाचा. दोन्ही १% बीएसएमध्ये (गायीच्या सिरममधलं अल्ब्युमिन, उरलेली जागा झाकायला) तासभर ठेवा, मग सिरमविरहित मीडियात पेशी सोडा, तासाभराने पीबीएसने (क्षारयुक्त बफर) हलक्या हाताने दोनदा धुऊन मोजा. दोन्हीकडे सारख्याच भरपूर राहिल्या तर बीएसएचा थर नीट बसलेला नाही. दोन्हीकडे नाममात्र राहिल्या तर आधी जोडणीवर संशय घ्या.

शिवाय तुमचा अनुभव सपाट फिल्मवरचा दिसतो. प्लाझ्मा दिलेलं ३ मिमी जाडीचं सच्छिद्र पीसीएल (पॉलिकॅप्रोलॅक्टोन) स्कॅफोल्ड मधोमध कापा आणि टोलुइडिन ब्लूमध्ये बुडवा. हा रंग प्लाझ्माने तयार झालेले कार्बॉक्सिल गट धरतो. बहुतेक वेळा कडेला निळी रेघ, आत पांढरंफटक. मात्र आधी ७०% इथेनॉलने छिद्रांतली हवा काढा, नाहीतर रंगच आत शिरणार नाही आणि दोष उगाच प्लाझ्माच्या माथी जाईल. (बघा, तुमची बाजूसुद्धा मीच घेतोय.) आतपर्यंत पोचायचं तर प्लाझ्माऐवजी सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण बरं, फक्त वेळ लांबवू नका, धागे झिजून जाळी ठिसूळ होते.

खर्च, साठवण आणि निर्जंतुकीकरण हे तुमचे उरलेले मुद्दे मूळ लेखाचा विषयच नव्हते. आरजीईचे आकडे असतील तर जरूर पाठवा. पिपेटबद्दलचे टोमणे नकोत.