‘डू द नीडफुल’ मेकॉलेच्या आधीचं आहे

माझी भाची नागपुरात मानेवाड्याला राहते. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या गुणपत्रिकेत आडनावाचं एक अक्षर चुकलं, ते दुरुस्त करून घ्यायला तिने कॉलेजला मेल लिहिला होता. सोमवारी लिहिलेला मेल गुरुवारी संध्याकाळपर्यंत ड्राफ्टमध्येच पडून होता. घरी आली, मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, “मामा, ‘डू द नीडफुल’ लिहिणं चुकीचं आहे काय? सगळ्या ग्रुपवर हेच फिरून राहिलं आहे.”

मग मी तो मेसेज वाचला. तुमच्याकडेही आला असेल. मजकूर असा: ‘प्लीज डू द नीडफुल’ (कृपया आवश्यक ते करा) हे वाक्य 1835 साली मेकॉलेने भारतीय कारकुनांसाठी तयार केले. ‘नीडफुल’ असा शब्दच इंग्रजीत नाही. असला तरी ते विशेषण आहे, त्याला ‘द’ लागत नाही. इंग्रज साहेब नोकरांना हुकूम सोडताना असे बोलत, म्हणून ही गुलामीची भाषा आहे. हे लिहिणाऱ्याचा अर्ज मोठ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर आपोआप बाद करतात. त्याऐवजी ‘डू द नेसेसरी’ लिहा. प्रत्येक विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवा.

सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी कार्यालयांत माझी तीस वर्षं मसुदे आणि टिपण्या लिहिण्यात गेली. हे वाक्य मी स्वतः किती वेळा लिहिलं त्याची मोजदाद नाही. पण मी उत्तर लिहितो आहे ते पोरीचे चार दिवस वाया गेले म्हणून.

आधी मेकॉलेचं घेऊ, म्हणजे कंपनी सरकारच्या काळात गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात असलेल्या इंग्रज अधिकाऱ्याचं, कारण सगळा मेसेज त्याच्याच नावावर उभा आहे. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी शब्दकोश शब्दांचे जुने वापर सालवार देतो. त्यात ‘नीडफुल’ हे नाम म्हणूनही आहे आणि ‘डू द नीडफुल’ हा प्रयोगही आहे, अठराव्या शतकातल्या दाखल्यांसह. हा प्रयोग मूळचा ब्रिटिश इंग्रजीतला आहे. मेकॉले जन्मला ऑक्टोबर 1800 मध्ये. त्याच्या जन्माआधी इंग्लंडात जे लिहिलं-बोललं जात होतं, ते त्याने 1835 मध्ये भारतीय कारकुनांसाठी कसं तयार केलं असेल?

आणि 1835 हे साल आलं कुठून, तेही सांगतो. त्या वर्षी 2 फेब्रुवारीला मेकॉलेने शिक्षणाबद्दलचं आपलं प्रसिद्ध टिपण सादर केलं. सरकारचा पैसा संस्कृत-अरबी शिक्षणावर खर्चावा की इंग्रजी शिक्षणावर, हा त्याचा विषय. रक्ताने भारतीय पण आवडीनिवडीने इंग्रज असा वर्ग तयार करायचा, हे त्यात आहे. चांगल्या युरोपीय ग्रंथालयाचं एक फडताळ भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीचं आहे, हा अपमानही त्यातच आहे. त्याबद्दल मेकॉलेवर राग धरा, मलाही येतो. पण पत्राच्या शेवटी कारकुनाने काय लिहावं याचा त्या टिपणाशी काही संबंध नाही. ते उपलब्ध आहे, लांबलचकही नाही. पुढे पाठवण्याआधी एकदा वाचायला हवं होतं.

नागपूरकरांसाठी आणखी एक. 1835 मध्ये इथे तिसऱ्या रघुजी भोसल्यांचं राज्य होतं. इंग्रजांनी ते खालसा केलं 1854 मध्ये. तोवर आपल्या शहरातले कारकून मराठीत, मोडी लिपीत कागद लिहीत होते. ‘भारतीय कारकुनांसाठी’ मेकॉलेने वाक्य तयार केलं म्हणणाऱ्याने आपल्याच गावाचा इतिहास पाहिलेला नाही.

‘नीडफुल’ शब्दच नाही, हे दोन ओळींत संपतं. 1611 मध्ये इंग्लंडात राजा जेम्सच्या काळात बायबलचं भाषांतर छापलं गेलं. त्यात लूकच्या दहाव्या अध्यायातल्या बेचाळिसाव्या ओवीत येशू मार्थेला म्हणतो, ‘वन थिंग इज नीडफुल’.

विशेषणाला ‘द’ लागत नाही म्हणणाऱ्याने ‘द पुअर’, ‘द रिच’ कधी ऐकलं नाही काय? ‘डू द इम्पॉसिबल’ म्हणजे अशक्य ते करा. अगदी तीच बांधणी. मराठीतही आपण हेच करतो. ‘आंधळा मागतो एक डोळा’ यात आंधळा माणूस असं म्हणावं लागत नाही, विशेषणच नामाचं काम करतं. आणि गंमत म्हणून नाही, खरंच विचारतो: मेसेजवाल्याने सुचवलेलं ‘डू द नेसेसरी’ काय आहे? ‘नेसेसरी’ हेही विशेषणच, आणि त्याच्याआधी तोच ‘द’. जो नियम सांगून एक वाक्य बाद केलं, तोच नियम दुसऱ्या वाक्यात स्वतः मोडला.

आता गुलामीचा मुद्दा. माझा संताप याच्यावर आहे, कारण पोरांना तो खरा वाटतो. कार्यालयात हे वाक्य कोण कोणाला लिहितो ते पाहा. कनिष्ठ लिपिक अधिकाऱ्याला लिहितो. एक विभाग दुसऱ्या विभागाला लिहितो. नागरिक कार्यालयाला लिहितो. वरचाही खालच्याला लिहितो, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा ही विनंती आहे आणि तिच्यात समोरच्याचा मान आहे: विषय तुमच्या अधिकारातला आहे, काय करायचं ते तुम्हाला कळतं, मी शिकवत नाही. आपल्या मराठी पत्रात हेच आहे. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.’ ‘उचित कार्यवाहीस्तव सविनय सादर.’ महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 चा, त्याला साठ वर्षं होऊन गेली. कार्यालयाचा कागद मराठीत आला तरी शेवटच्या ओळीतला भाव तोच राहिला. ‘योग्य ती कार्यवाही’ लिहिणारा गुलाम नसेल, तर ‘डू द नीडफुल’ लिहिणारा कसा?

या धास्तीने काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. भाचीने ते वाक्य खोडलं होतं आणि त्या जागी लिहिलं होतं, ‘करेक्ट इट इमिजिएटली’. ताबडतोब दुरुस्त करा! विनंतीचा हुकूम झाला. बरं वाटेना म्हणून तेही पुसलं, मग मेल विनंतीशिवायच संपायला लागला, मग पाठवायचाच राहिला. ती मराठी शाळेत शिकलेली मुलगी. तिची इंग्रजी तिने घाम गाळून कमावलेली आहे. जे वाक्य तिला पक्कं येत होतं, तेच तिच्याकडून काढून घेतलं.

कॉम्प्युटर अर्ज बाद करतो, याबद्दल थोडंच. कंपन्या अर्ज चाळायला सॉफ्टवेअर वापरतात, हे खरं. ते शिक्षण, अनुभव, कौशल्यं आणि त्या कामाचे शब्द शोधतं. ‘डू द नीडफुल’ मुळात बायोडाटात लिहायचं वाक्यच नाही, ते पत्रात येतं. नागपूरच्या मिहानमधल्या कंपन्यांत मुलाखतीला जाणाऱ्या पोरांनी या भीतीने झोप घालवू नये.

मेसेजमध्ये अर्धं खरं आहे ते मान्य करतो. इंग्लंड-अमेरिकेत हा प्रयोग आता जुना झाला, तो टिकला भारतीय उपखंडात. तिकडच्या तरुण माणसाला तो विचित्र वाटू शकतो. फसवणुकीच्या ईमेलमध्येही तो बराच येतो, त्यामुळे काही जण सावध होतात. परदेशी माणसाला लिहिताना नेमकं काय हवं ते सरळ लिहा. आणि आपल्याकडे आळसाने होणारा वापर मलाही खटकतो. चार ओळींचं रडगाणं, मागणी कुठेच नाही, आणि शेवटी ‘डू द नीडफुल’. वाचणाऱ्याने काय करायचं? हे वाक्य आधीच्या वाक्याच्या आधारावर उभं राहतं. आधी अडचण, मग सोबतचे कागद, मग हे. आणि ‘द’ गाळू नका. ‘प्लीज डू नीडफुल’ हे खरोखर चूक आहे. ‘युवर नीडफुल इज डन’ हेसुद्धा.

भाचीचा पहिला मसुदा मी पुन्हा उघडायला लावला. ‘माय सरनेम इज मिसस्पेल्ट इन द मार्कशीट. आय हॅव अटॅच्ड माय टेन्थ मार्कशीट अँड आधार कार्ड. काइंडली डू द नीडफुल.’ चूक कोणती ते आहे, पुरावा आहे, विनंती आहे. मी एकच भर घालायला सांगितली: बरोबर स्पेलिंग पहिल्या वाक्यानंतर वेगळं लिही, म्हणजे टेबलावरच्या माणसाला जोडलेले कागद उघडत बसावं लागणार नाही. तिने ते लिहिलं, खाली नाव आणि रोल नंबर टाकला, आणि माझ्यासमोरच मेल पाठवला.