वाड्याहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर: टायरचा कोळसा, वाफ आणि पोटॅशियम

नमस्कार. टायरच्या कोळशाचं पोटॅशियमच्या मदतीने गॅसिफिकेशन करण्यावर, म्हणजे वाफेत तापवून त्याचा जळाऊ वायू करण्यावर मी लिहिलं, त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. पायरोलिसिसनंतर, म्हणजे टायर हवेशिवाय तापवून तेल काढल्यावर, उरलेला हा कोळसा म्हणजे कार्बन पावडर वीटभट्टीवाले उचलतातच, मग ती पुन्हा वाफेत तापवायची कशाला? दुसरा, ही क्रिया उष्णता खाते आणि कॅटॅलिस्ट (क्रियेचा वेग वाढवणारा उत्प्रेरक) टाकून ती भूक कमी होत नाही. तिसरा, अशा लिखाणामुळे पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात टायर तापवून धूर ओकणाऱ्या कारखान्यांना आयतं निमित्त मिळतं. तुम्ही तिथेच राहता, त्यामुळे तिसऱ्या मुद्द्यातला राग मला समजतो. त्याकडे शेवटी येतो.

आधी वीटभट्टी. टायरचं रबर गंधकानेच पक्कं केलेलं असतं आणि त्यातलं बरंचसं गंधक तेलात न जाता पावडरीत राहतं, वजनाच्या दोन-तीन टक्के. दोनच टक्के धरा. टनामागे 20 किलो गंधक झालं, आणि ते सगळं जळलं तर 40 किलो सल्फर डायऑक्साइड. भट्टीच्या चिमणीला धूर धुऊन काढणारा स्क्रबर नसतो, त्यामुळे ते आसपासच्या शेतांवर आणि छातीत उतरतं. गॅसिफायरमध्ये तेच गंधक मुख्यतः हायड्रोजन सल्फाइड होऊन येतं. तोही विषारीच, पण वायू जाळण्याआधी आयर्न ऑक्साइडच्या थरातून किंवा कॉस्टिकच्या स्क्रबरमधून तो पकडता येतो. पकडायची सोय नसेल तर गॅसिफायर लावूच नये, यावर आपलं एकमत आहे.

उष्णतेबद्दल तुमचं गणित बरोबर आहे. कार्बन आणि वाफेपासून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होताना मोलमागे 131 किलोज्यूल लागतात, वाफेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला तर 172. कुठलाही उत्प्रेरक यातला एक ज्यूलही वाचवत नाही. पण ही उष्णता वायूत साठते आणि तो जाळला की परत मिळते. उत्प्रेरक लागतो तो वेगासाठी, म्हणजे कमी तापमानालाही काम उरकावं म्हणून. लाकडी कोळसा 800 अंशांना वाफेत बऱ्यापैकी वेगाने संपतो, टायरचा मात्र रेंगाळतो. कारण त्यातला बहुतेक भाग म्हणजे टायर बनवताना घातलेला कार्बन ब्लॅक. तो मुळातच 1300 अंशांच्या वर तेल अर्धवट जाळून बनवलेला असतो. त्याचे थर घट्ट बसलेले, वाफेला धरायला मोकळ्या कडा कमी. शिवाय लाकडाच्या राखेत आपसूक असलेलं पोटॅशियम इथे नसल्यातच जमा.

म्हणून ते बाहेरून द्यायचं. एक्सॉन या अमेरिकी तेल कंपनीने 1970 च्या दशकात टेक्सासमधल्या बेटाउनला दगडी कोळशावर हेच केलं होतं. पोटॅशियम कार्बोनेट मिसळून सुमारे 700 अंशांना गॅसिफिकेशन. पोटॅशियम राखेतल्या खनिजांत अडकून निकामी होण्याची जी अडचण तिथे आली, तीच टायरमध्ये दुसऱ्या वाटेने येते, आणि माझ्या मते सगळा विषय इथेच अडतो. 1992 मध्ये मिशेलिनने सिलिका (वाळूचा मुख्य घटक) घातलेले 'ग्रीन' टायर आणले, तेव्हापासून कारच्या टायरमध्ये सिलिकाचं प्रमाण वाढत गेलं. पोटॅशियमला कार्बनपेक्षा सिलिका जवळची. दोघांचं सिलिकेट झालं की उत्प्रेरक म्हणून त्याचं काम संपलं. प्रयोगाचं क्रुसिबल (पावडर तापवायची मूस) थंड झाल्यावर उघडलं की हे डोळ्यांनी दिसतं. राख भुरभुरीत असायला हवी, पण तळाला करडी, चकचकीत काचेसारखी झिलई चिकटलेली असते. चमच्याने खरवडली तरी निघत नाही, आणि खाली न संपलेली काळी पावडर तशीच असते. ट्रकच्या टायरमध्ये सिलिका कमी, त्यामुळे तिथे हेच पोटॅशियम जास्त टिकतं. कुठल्या टायरची पावडर आहे हे न सांगता 'कॅटॅलिस्टने इतकी वाढ झाली' असं कोणी म्हणालं, तर त्या आकड्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

तापमान खाली आणण्याचं आणखी एक कारण म्हणजे जस्त. पावडरीच्या राखेत ते भरपूर असतं. जस्ताचा उत्कलनबिंदू 907 अंश. त्याच्या आसपास किंवा वर भट्टी चालवली की कार्बन जस्ताच्या ऑक्साइडला धातू बनवतो, त्याची वाफ वायूबरोबर निघते आणि गार पाइपात पांढरट थर जमवत पाइप तुंबवते. 750 ला काम झालं तर ते बहुतेक राखेतच राहतं आणि परत मिळवता येतं. निकेलबद्दल तुम्ही विचारलंत: इतक्या गंधकात निकेल लवकर निकामी होतं, आणि ते मुख्यतः वायूबरोबर येणारं चिकट डांबर फोडायला वापरतात. या पावडरीत डांबर मुळातच थोडं.

आता वाडा. तिथल्या गावकऱ्यांनी धुराच्या, वासाच्या तक्रारी केल्या, स्फोटांत माणसं गेली. तेल आणि पावडर काढण्यासाठी जुने टायर आयात करायला केंद्राने 2022 मध्ये बंदी घातली, ते योग्यच झालं. गॅसिफायर जोडतो म्हणून कोणाला नवी परवानगी मिळावी असं मी म्हटलेलं नाही. आधीपासून साठलेली पावडर ताडपत्रीखाली पडून वाऱ्याने उडते आहे, तिचं काय करायचं हा माझा प्रश्न आहे. चांगली पावडर पुन्हा रबरात जावी. वाफेची हीच क्रिया अर्ध्यावर थांबवली तर छिद्रं पडून सांडपाणी शुद्ध करायला उपयोगी कार्बन मिळतो, तोही आधी करावा. उरलेल्याचं गॅसिफिकेशन.

तुमच्या भागातला कोणी कारखानदार 'आम्ही कॅटॅलिस्ट लावलंय' असं सांगू लागला, तर ग्रामसभेत त्याच्याकडे राखेचं विश्लेषण मागा आणि हायड्रोजन सल्फाइड कुठे पकडतो ते दाखवायला सांगा. कागद मिळाले तर मला पाठवा, मी वाचून सांगतो.