सातबाऱ्यावरचा पोटखराब सडा

जुलै लागला की आपल्या कोल्हापुरात एकच प्रश्न, "मच्छिंद्री झाली काय?", म्हणजे पंचगंगेचं पाणी पुराच्या खुणेला लागलं काय. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ. मग राधानगरी धरणाचे दरवाजे आणि अलमट्टी धरणाचा विसर्ग यावर कट्ट्याकट्ट्यावर चर्चा. ती व्हायलाच पाहिजे, 2019 आणि 2021 चा महापूर आपण भोगलाय. पण हे पाणी आधी सह्याद्रीच्या ज्या माथ्यावर पडतं, त्याचं नाव कुणी काढत नाही. मला ह्याचं फार वाईट वाटतं.

गगनबावड्याला वर्षाला 5,000 मिलीमीटरच्या वर पाऊस. तिथनं 55 किलोमीटरवर कोल्हापूर, इथं हजाराच्या आसपास. शिरोळला त्याहून कितीतरी कमी. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती त्या ओल्या पट्ट्यातनंच उतरतात. शिरोळचा ऊस पिकतो तो पश्चिमेच्या पावसावर.

त्या माथ्यावर जांभ्याचे सडे, म्हणजे जांभ्या दगडाची सपाट पठारं आहेत. एप्रिलमध्ये गेलात तर नुसता तापलेला कातळ. सातबाऱ्यावर शेरा 'पोटखराब', म्हणजे लागवडीला निरुपयोगी. पण जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यात मुरतं, खाली चिकण मातीचा थर लागला की अडतं आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर येतं. कितीतरी धनगरवाडे ह्या झऱ्यांवर उन्हाळा काढतात.

आणि भादव्यात हाच कातळ ओळखू येत नाही! पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जाऊन गुडघे टेकून बघा. बोटभर मातीत गेंदाचे पांढरे गोंडे, मधेच 'सीतेची आसवं' ह्या फुलांची निळाई. मातीत कस नाही, म्हणून ही आसवं इवल्या पिशव्यांत बारीक जीव पकडून पोट भरतात. दवबिंदू नावाचं रोपटं चिकट पानांवर किडे धरतं.

बॉक्साईट सापडतं ते ह्याच थरात. शाहूवाडी-राधानगरीकडं खाणी झाल्या. नंतर खड्डे बुजवून रोपं लावली म्हणून सडा परत येत नाही, पाणी मुरवणारा थरच गेलेला असतो. न खोदलेल्या सड्यावर हौसेनं झाडं लावणं किंवा गाड्या घालणं, हेसुद्धा मला नुकसानच वाटतं.

दाजीपूरचं जंगल 1958 ला गव्यांसाठी राखलं, राज्यातलं पहिलं अभयारण्य. 2012 ला हेच राधानगरी अभयारण्य म्हणून जागतिक वारशात गेलं. अभिमान आहेच. पण हद्दीबाहेरच्या सड्यांना कोण वाली?

2002 च्या जैवविविधता कायद्यानं गावोगावी जैवविविधता नोंदवही करायची आहे. तिच्यात सडा आणि त्याखालचा प्रत्येक झरा नावानिशी लिहायला लावा. आमच्या आजोळच्या वाडीचा झरा मी लिहून दिलाय. तुमच्याकडं असेल तर खाली नाव सांगा, मे महिन्यात वाहतो का तेही.