‘ला निना आला, यंदा विक्रमी थंडी’: या मजकुरात काय चुकतं

दिवाळी सरली की एक मजकूर गटागटांतून फिरू लागतो: ‘यंदा ला निना आहे, महाराष्ट्रात विक्रमी थंडी पडणार. नोव्हेंबरअखेर थंडीची लाट, 10 ते 14 डिसेंबरला गारपीट. शेतकरी बांधवांनी सावध राहावे.’ यावर विसंबून कुणी फवारणी पुढे ढकलतं, कुणी पेरणी घाईत उरकतं. म्हणून एकेक दावा तपासायला हवा.

‘ला निना म्हणजे थंडी पक्की.’ नाही. विषुववृत्ताजवळच्या मध्य-पूर्व प्रशांत महासागराचं पाणी सरासरीपेक्षा किमान अर्ध्या अंशाने गार झालं आणि काही महिने तसंच राहिलं, की ला निना म्हणतात. त्याने उत्तर भारतातल्या थंडीला थोडा जोर मिळतो, पण हा निव्वळ कल आहे. 2022चा डिसेंबर ला निना चालू असतानाच आला आणि देशाच्या सरासरी तापमानात 1901पासूनचा सर्वांत उष्ण डिसेंबर ठरला.

आपल्याकडची रात्र किती गार होणार, हे आभाळ, वारा आणि हवेतली आर्द्रता ठरवतात. पश्चिमी प्रक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी आणि उत्तर भारतात पाऊस-बर्फ आणणारी हवामान प्रणाली, उत्तरेतून पुढे सरकला की कोरडे उत्तरी वारे खाली उतरतात. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, मग जमिनीतली उष्णता रातोरात निघून जाते. याउलट बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र झालं की पूर्वेकडून बाष्प येतं, ढग पांघरुणासारखे पसरतात आणि किमान तापमान दोन-तीन रात्रींत चढतं. फेंगल चक्रीवादळ 30 नोव्हेंबर 2024ला पुद्दुचेरीजवळ किनाऱ्यावर आलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्रातली थंडी पळाली, काही भागांत पाऊसही झाला. असं वादळ कधी उठेल, हे ला निना सांगत नाही.

‘थंडीची लाट’ हा शब्द तर सर्रास वापरला जातो. हवामान विभागाचा निकष असा: मैदानी भागात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली हवं आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी घसरलेलं हवं. पारा थेट 4 अंशांवर किंवा खाली गेला, तर सरासरी बघत नाहीत. म्हणजे सरासरी 14 असलेल्या गावात 10 अंश ही छान गार पहाट झाली, लाट नव्हे, त्यासाठी 9.5 लागेल.

सोबत नाशिक जिल्ह्यातल्या निफाडच्या किमान तापमानाचा आकडा डकवलेला असतो. तो खरा असला तरी साऱ्या जिल्ह्याचा नसतो, कारण गार हवा जड असते आणि सखल भागात साचते. शिवाय तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरवर, पेटीत असतो. स्वच्छ, शांत रात्री गवताच्या पात्यावर त्याहून बरंच कमी तापमान असतं. म्हणूनच पेटीत 3-4 अंश असताना पानांवर दव गोठलेलं दिसतं.

आता गारपिटीच्या तारखा. हा सर्वांत घातक दावा. दिवसवार अंदाजाची ताकद साधारण दोन आठवड्यांत संपते, गारपिटीची तर त्याआधीच. गारांचा ढग काही किलोमीटरचा, आयुष्य तासा-दोन तासांचं. अनुकूल स्थिती चार-पाच दिवस आधी ओळखता येते. नेमकं गाव मात्र ढग रडारवर आल्यावरच कळतं. 26 नोव्हेंबर 2023ला नाशिकच्या द्राक्षबागांवर गारा पडल्या, म्हणून दर वर्षी त्याच सुमारास पडतील असं नाही.

हवामान विभागाच्या हंगामी अंदाजाच्या नकाशातला निळा रंगही नीट वाचा. ‘सरासरीपेक्षा कमी तापमानाची शक्यता 45 टक्के’ याचा अर्थ 55 टक्के शक्यता बाकीच्या दोन गटांना, म्हणजे सरासरीइतकं किंवा जास्त. पारा किती उतरेल हे तो रंग सांगत नाही, तारीख तर नाहीच.

निर्णयासाठी क्रम असा ठेवा. हवामान विभागाचा दर गुरुवारी निघणारा चार आठवड्यांचा अंदाज फक्त कल पाहायला. मंगळवार-शुक्रवारचा जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला फवारणी आणि पाण्याच्या नियोजनाला. फवारणीच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा ताजा अंदाज. पारा उतरणार असेल तर आधीच हलकं पाणी द्या, ओली जमीन दिवसाची ऊब जास्त साठवते. शेकोटीचा धूर वारा पडलेला असेल तरच बागेत टिकतो. वारा सुटला तर लाकूड जाळून उपयोग नाही.