रोहित उडेल तेव्हा उडेल

उजनी धरणाकाठच्या भिगवणला जाणाऱ्याच्या डोक्यात गुलाबी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, असतो. समोर दिसतात ते पांढुरके, एका पायावर उभे, नाहीतर मुंडी चिखलात खुपसलेले. मोठ्या रोहिताचा (ग्रेटर फ्लेमिंगोचा) खरा रंग मिटलेल्या पंखांत असतो, उडाल्याशिवाय दिसत नाही. आम्हा कॅमेरेवाल्यांचे हाल इथूनच सुरू होतात.

आधी धरणाची मर्जी. उजनी तुडुंब भरलेलं असेल तर रोहित उभा कुठे राहणार? पाणी ओसरून दलदल उघडी पडली की थवे उतरतात. म्हणून निघण्याआधी कुंभारगावच्या नावाड्याला फोन करावा, पण ‘पक्षी आलेत का?’ असं विचारू नये. ‘या की सायेब, लई आलेत’ हे उत्तर बारमाही तयार असतं. पाणी किती उतरलंय ते विचारावं.

होडीत ट्रायपॉड नको. इंजिनाची थरथर त्याच्या तिन्ही पायांनी चढत लेन्सपर्यंत पोचते, आणि एक पाय पुढच्या काकूंच्या पदरात जातोच. होडीच्या काठावर बीनबॅग (दाणे भरलेली पिशवी) टाकावी, नाहीतर कोपरं पोटाशी धरून हातानेच काढावं. शटर १/२५०० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो. मागे गडद पाणी असेल तर एक्स्पोजर (फोटोतला उजेड) दोन-तृतीयांश स्टॉप खाली, नाहीतर पिसं जळतात, म्हणजे नुसता पांढरा डाग उरतो. पाणी उन्हात चकाकत असेल तर तेवढंच वर. सूर्य पाठीशी राहील अशी होडी लावायला नावाड्याला आधीच सांगावं. ऊन चढलं की चिखलावरची हवा हलायला लागते, मग दोन लाखांची लेन्सही पाण्यात भिजलेलं चित्र देते.

थव्याच्या बरंच अलीकडे इंजिन बंद, पुढे बांबूने. रोहित वाऱ्याकडे तोंड करून, पाण्यावर धावत उडतो. सगळ्यांनी माना वर काढल्या आणि एकाच दिशेने चालायला लागले, की बोट शटरवर ठेवायचं.

नेमकं तेव्हाच होडीतून आवाज येतो, ‘अहो, जरा टाळी वाजवा की!’ हा गृहस्थ प्रत्येक होडीत असतो. तिकिटाबरोबरच मिळत असावा. टाळीने पक्ष्यांचं खाणं मोडतं ते मोडतंच, शिवाय घाबरलेला रोहित आपल्यापासून लांब पळतो. म्हणजे एवढ्या पहाटे उठून कार्डभर शेपट्या.

ज्यांना दम निघत नाही ते शेव उधळून कुरव (सीगल) बोलावतात. कुरव येतात, हातभर अंतरावर येतात, फोटोही खणखणीत येतो. फक्त प्रत्येक फोटोत चोचीत शेव असते, आणि ती फोटोशॉपमध्ये एकेक काडी करून पुसावी लागते.