ढकलून धीटपणा येत नाही
‘मुलाला एकदा स्टेजवर ढकला, भीती आपोआप पळते’ हे मुलांच्या स्टेजच्या भीतीवरच्या एका लेखातलं वाक्य काही पटलं नाही. मी मुलांची नाटकं बसवते. ढकललेलं मूल अडखळलं आणि खालून हशा पिकला, की पुढे ते विंगेतसुद्धा पाऊल टाकत नाही.

माझ्याकडे एक मुलगी होती. नाव विचारलं तरी बाही चघळत बसायची. तिला संवाद दिलाच नाही, पडदा ओढायला ठेवली. चार तालमींत पोरीला सगळ्यांचे संवाद तोंडपाठ! एकदा राजा ऐनवेळी अडला, तर पडद्याआडून हिनेच ओळ पुरवली, तीही खणखणीत. पुढच्या नाटकात स्वतःहून दूत झाली. दोनच वाक्यं, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचली.

शिकागोत नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांनी १९३०च्या दशकात स्थलांतरितांच्या मुलांसाठी नाट्यखेळ रचले, त्यांचाही भर पाठांतरावर नव्हे, खेळण्यावर होता.

धडधड, घशाला कोरड हे मुरलेल्या नटांनाही होतं, एवढं मुलांना सांगून ठेवावं. आणि पालकांनो, प्रयोग संपल्या संपल्या मोबाईलवर व्हिडिओ लावून ‘बघ, इथे चुकलास’ म्हणू नका हो. निदान त्या रात्री तरी.