कंपनी बुडाली म्हणून कॅरव्हॅनचे हप्ते थांबवू नका

ताडोबाच्या कोलारा गेटच्या बाजूला आमच्या भाऊजींचं गाव. नागपूरकडून येणाऱ्या पर्यटकांना भाड्याने द्यायला त्यांनी कर्ज काढून कॅरव्हॅन घेतली. चेसिस फोर्स ट्रॅव्हलरचं. आतलं घर, म्हणजे पलंग, ओटा, संडास-बाथरूम, फ्रीज, हे सगळं दुसऱ्या एका कंपनीने बांधून दिलेलं. त्या दुसऱ्या कंपनीचं दिवाळं निघालं आणि प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात गेलं. इथवर सगळं खरं आहे.

पण मग व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरायला लागला आणि ताईचा फोन आला, "अरे, हे म्हणून राहिले का या महिन्यापासून हप्ताच भरायचा नाही. मेसेजमध्ये कायद्याचं कलम दिलं म्हणते."

मेसेजचा सारांश असा : कंपनी बुडाली की आरसी आपोआप रद्द होते. विम्याची किंमत शून्य होते. एकही पार्ट मिळत नाही, आणि कंपनीचा सर्व्हर बंद पडला की गाडी सुरूच होत नाही. कायद्याने 'मोरेटोरियम', म्हणजे वसुलीला स्थगिती, लागू होतं, त्यामुळे बँकेला हप्ता मागता येत नाही. अमेरिकेत २००९ साली अशा हजारो गाड्या रातोरात भंगारात गेल्या, तेव्हा आजच विका. आणि खाली एक मोबाइल नंबर. हा नंबर मेसेजच्या तळाशी का आहे, एवढा प्रश्न तरी पुढे ढकलण्याआधी कोणाला पडायला हवा होता.

आधी हप्त्याचं घेतो, कारण बाकीच्या थापांनी फार तर झोप उडेल, ही थाप घर बुडवेल.

मेसेजमध्ये कलम १४ चा दाखला आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत हे कलम खरंच आहे, आणि त्यात मोरेटोरियमही आहे. पण ते वाचलंय कोणी? न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की *त्या कंपनीविरुद्धचे* दावे, तिच्याकडून होणारी वसुली, तिच्या मालमत्तेची विक्री थांबते. संरक्षण बुडालेल्या कंपनीला आहे. तुम्ही त्या कंपनीचे गिऱ्हाईक, तुमचं कर्ज बँकेकडून, आणि बँकेने पूर्ण रक्कम गाडी मिळाली तेव्हाच कंपनीला चुकती केलेली. बँक आणि तुम्ही यांच्यातल्या करारात ती कंपनी कुठेच नाही. तिचं दिवाळं निघालं काय आणि तिला सोन्याची खाण सापडली काय, तुमचा हप्ता पाच तारखेला कापला जाणारच.

लोकांच्या डोक्यात २०२० बसलंय, हे मला कळतं. कोरोनात रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती. ती सामान्य कर्जदारांसाठी होती, ठरावीक महिन्यांपुरती होती, आणि त्या काळातलं व्याज चालूच होतं. तिचा इथे काहीएक संबंध नाही.

थांबवला हप्ता, तर पुढे काय? नव्वद दिवसांवर थकबाकी गेली की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जमा. सिबिल खराब. गाडीच्या आरसीवर बँकेचा बोजा आहे, त्यामुळे गाडी ओढून न्यायचा रस्ता बँकेला मोकळा. आणि जामीनदार? करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. भाऊजींना जामीन राहिलेला त्यांचा चुलतभाऊ धान आणि सोयाबीन करतो. मे-जूनमध्ये त्याला पीककर्जासाठी त्याच शाखेच्या पायऱ्या चढायच्या आहेत. तिथल्या साहेबाने कॉम्प्युटरवर नाव टाकल्यावर काय दिसेल, ते मेसेज पाठवणाऱ्याने येऊन सांगावं.

आरसी रद्द होते म्हणे. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५५ : गाडी नष्ट झाली किंवा कायमची वापरायोग्य राहिली नाही, नोंदणी खोट्या कागदांवर मिळवली, अशी कारणं त्यात आहेत. बनवणारा बुडाला, हे कारण नाही. भाड्याची गाडी आहे, तेव्हा पासिंग वेळच्या वेळी करा, एवढंच.

विम्याच्या मुद्द्यात मात्र चिमूटभर खरं आहे. मोटार विम्याच्या दरपत्रकानुसार गाडीची विमा किंमत वयाप्रमाणे उतरते, पाचव्या वर्षापर्यंत निम्म्यावर येते. पाच वर्षांपुढच्या आणि उत्पादन बंद झालेल्या मॉडेलची किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. म्हणजे घासाघीस करावी लागेल. गाडीचे आतून-बाहेरून फोटो आणि बांधणीचं बिल हातात ठेवून करा. पण घासाघीस म्हणजे शून्य नव्हे.

सर्व्हरचं तर सोडाच. ट्रॅव्हलरचं डिझेल इंजिन किल्लीवर सुरू होतं. फार तर मोबाइलवरून दिवे आणि एसी लावायचं अॅप बंद पडेल. मग उठून बटण दाबा.

पार्टचं जरा नीट सांगायला हवं. क्लच प्लेट, ब्रेक, फिल्टर, इंजिनचं काम हे सगळं चेसिसवाल्याचं, आणि तो बुडालेला नाही. आणि बुडाला असता तरी काय? एचएमटीचा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ साली झाला. तरी आमच्याकडे एचएमटीवर नांगरणी चालूच आहे. पार्ट बनवणारे आणि जुने मोडून विकणारे असतातच. कॅरव्हॅनमधला फ्रीज, बारा व्होल्टचा पाण्याचा पंप, इन्व्हर्टर, एसी हेही बॉडी बांधणाऱ्याने स्वतः बनवलेले नसतात, बाजारातून आणून बसवलेले असतात. प्रत्येकावर मूळ कंपनीचं लेबल आणि मॉडेल नंबर असतो. त्याचा फोटो काढून ठेवा.

अडतं कुठे, तर साच्यातून काढलेल्या वस्तूंवर. बाथरूमची फायबरची जमीन, खिडकीची काच आणि तिचं खास रबर, दाराचं कुलूप. ते पुन्हा तसंच मिळणार नाही. फायबरवाला जोड देतो, काचेऐवजी बसची सरकती खिडकी बसते, दिसायला विचित्र दिसतं, हे मान्य. दुसरं दुखणं वायरिंगचं. भाऊजींच्या गाडीत पलंगाखालची फळी उचलली तर एकाच रंगाच्या वायरींचा गुंता निघतो, एकावरही चिठ्ठी नाही. नकाशा कंपनीकडे, आणि कंपनीला टाळं. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला एक दिवसाची मजुरी देऊन प्रत्येक वायरला टेप लावून घ्या, फ्यूजच्या डबीच्या झाकणावर यादी चिकटवा.

आणि छत पाहा. आमच्याकडचा मे महिना म्हणजे काय, ते सांगायला नको. छतावरच्या एक्झॉस्ट फॅनच्या भोवती सीलंटची जी पट्टी असते, ती उन्हाने तडकते आणि जूनच्या पहिल्या पावसात पाणी आतल्या प्लायवूडमध्ये उतरतं. छताला आतून अंगठा दाबला आणि मऊ लागलं, तर समजा उशीर झाला. बसची काच बसवणारे वापरतात ते पॉलियुरेथेन सीलंट लावा. सिलिकॉन लावू नका, त्यावर पुढे दुसरं काहीच चिकटत नाही. गाडी मोडकळीला येते ती अशा पाण्याने.

अमेरिकेचंही पाहू. मार्च २००९ मध्ये मोनॅको कोच आणि फ्लीटवूड या मोटरहोमच्या दोन मोठ्या कंपन्यांनी एका आठवड्याच्या आत दिवाळखोरीचे अर्ज केले, हे खरं. पुढे मोनॅकोचा धंदा नॅव्हिस्टारने घेतला, फ्लीटवूडच्या मोटरहोमच्या धंद्यालाही नवा मालक मिळाला. रस्त्यावरच्या गाड्या भंगारात गेल्या नाहीत. फ्लीटवूडच्या कितीतरी गाड्यांखाली फोर्ड, फ्रेटलायनर, स्पार्टन यांचं चेसिस आणि मोठ्या डिझेल गाड्यांत कमिन्स किंवा कॅटरपिलरचं इंजिन. तीच आपल्या ट्रॅव्हलरची गोष्ट.

वॉरंटी गेली, हे खरं. विकायला काढली तर भावही पडेल, हेही खरं. पण "आजच विका" म्हणणाऱ्याला विचारा, आरसीवर बँकेचा बोजा असताना फायनान्सवाल्याच्या संमतीशिवाय गाडी नावावर करून कशी घेणार? फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) आणि बँकेच्या एनओसीशिवाय बोजा उतरत नाही. गाडी भंगारवाल्याने नेली आणि आरसी तुमच्याच नावावर राहिली, तर पुढे त्या नंबरवर जे होईल त्याला उत्तर तुम्ही द्यायचं, आणि बँकेची तारण मालमत्ता परस्पर विकली म्हणून वेगळं.

ज्यांनी कंपनीला ॲडव्हान्स देऊन ठेवलाय किंवा वॉरंटीतल्या दुरुस्तीचे पैसे येणं आहे, त्यांच्यासाठी खरं काम वेगळं आहे. न्यायाधिकरण दिवाळखोरीचं काम पाहणारा एक व्यावसायिक नेमतं, आणि तो येणेकरांना दावे द्यायची जाहीर नोटीस काढतो. ही नोटीस कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय जिथे असेल तिथल्या वर्तमानपत्रांत येते, त्यामुळे चिमूर-वरोऱ्याच्या पेपरात ती दिसायची वाट पाहू नका. दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकून शोधा, शेवटची तारीख पाहा, आणि बिल, पैसे भरल्याचं बँकेचं स्टेटमेंट आणि कंपनीशी झालेले मेसेज जोडून दावा पाठवा. बिनतारणाच्या येणेकरांचा नंबर रांगेत बराच मागे असतो, पूर्ण पैसे मिळतील ही आशा धरू नका. पण दावाच केला नाही, तर त्या रांगेत तुमचं नावही नसेल.